26 आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेने आपलं भलं झालं की नोकऱ्या गेल्या?

चहा_बिस्कीट:
सातवा महिना चालू आहे. पुण्यात छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सगळे मिळून आम्ही सोळा जण. 26 आठवडे पगारी रजा मिळणारे, लेटर हातात आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा टीममध्ये एक जागा भरायची होती, दोन मुली आणि एक मुलगा शॉर्टलिस्ट झालेले, आणि सर माझ्यासमोरच म्हणाले, "या वेळी मुलगाच बघू, एकदम दोघी रजेवर गेल्या तर मी काय करू?" मग माझ्याकडे बघून, "तुला नाही म्हणत गं." त्यातल्या एका मुलीची टेस्ट मीच तपासली होती, तिघांत तिचीच सगळ्यात भारी होती. 2017 च्या आधी 12 आठवडेच होते ना, मग वाढवून मिळवलं काय? आणि सहा महिन्यांनी बाळ कुणाकडे ठेवायचं हा वेगळाच घोर, सासूबाईंचे गुडघे गेलेत, आई कोल्हापूरला.

भोसरीकर:
ताई, आधी अभिनंदन. मी एका वर्कशॉपचा पगार बघतो, 22 माणसं. आमच्याकडचंच सांगतो. ऑफिसातली मुलगी 19 हजारावर, म्हणजे ईएसआयमध्ये, सरकारी कामगार विम्यात. ती रजेवर गेली तर पैसे ईएसआयसी देते, मालकाच्या खिशातून वेगळं काही जात नाही, कारण 3.25 टक्के आपण दर महिन्याला भरतोच आणि ते पुरुष कामगारांचेही भरतो. क्वालिटीला दुसरी आहे, 32 हजार. ईएसआयची लिमिट 21 हजार, म्हणजे ही बाहेर, आणि हिचे सहा महिन्यांचे 1 लाख 92 हजार मालकानेच द्यायचे, वर बदली माणसाचा पगार वेगळा. आता सांगा, मालक कुणाला घाबरणार? तुमचे सर बोलले ते चूकच, पण कायदा करणाऱ्यांनी बिल त्यांच्या टेबलावर ठेवलं हेही खरंच आहे की. मोठ्या कंपनीला दोन लाख म्हणजे काहीच नाही हो, सोळा जणांच्या ऑफिसला जाणवतात.

म्युनिकवाली:
भोसरीकरांना +1, घोडं तिथेच अडतं. इकडे जर्मनीत डिलिव्हरीआधी 6 आणि नंतर 8 आठवडे पूर्ण पगार मिळतो, थोडे पैसे आरोग्य विम्याकडून, बाकीचे कंपनीकडून, पण कंपनीला तिचे पैसे परत मिळतात. त्यासाठी सगळ्या कंपन्या एका फंडात भरतात, ऑफिसात एकही बाई नसली तरी भरायचेच. त्यामुळे बाई घेतली म्हणून मालकाला जास्त भुर्दंड असं होत नाही. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत, हे 8 आठवडे धरून, सरकार पगाराच्या साधारण दोन तृतीयांश देतं, जास्तीत जास्त 1800 युरो, आणि दुसऱ्या पालकानेही रजा घेतली तर आणखी 2 महिने. आमच्या ह्यांनी ते दोन महिने घेतले, सासूबाईंना फोनवर पटवायला मला चार महिने लागले 😄
पण इकडे सगळं छान आहे असंही समजू नका. नोकरी तीन वर्षं राखून ठेवतात, आणि तेवढी रजा घेतलेल्या माझ्या दोन मैत्रिणी परत आल्या त्या अर्धवेळच, मग तशाच राहिल्या. मी 13 महिन्यांनी परत गेले ते फक्त पाळणाघरात जागा मिळाली म्हणून. 2013 पासून एक वर्षाच्या वरच्या मुलाला जागा मिळणं हा कायदेशीर हक्क आहे, तरी शोधताना दमछाक झालीच.

दोन_पोळ्या:
पाळणाघर!! यावर कुणी बोलतच नाही. मी पूर्ण 26 आठवडे घेतले, परत गेले आणि चौथ्या महिन्यात राजीनामा दिला. रजा कमी पडली म्हणून नाही. पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं आणि मी सहा चाळीसला विद्यापीठ चौकात अडकलेली, फोनवर त्या काकू "अहो, तुमचंच एक राहिलंय." 50 किंवा जास्त माणसांची कंपनी असेल तर पाळणाघराची सोय द्यायला लागते आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येतं, हे मला राजीनामा दिल्यावर कळलं. तुम्ही सोळाच, तुम्हाला तर तेही नाही.
आणि बाबालोकांचं काय? केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस, खाजगीत कायद्याने शून्य. माझ्या नवऱ्याने पाच सीएल टाकल्या, त्यातली एक बारशाला गेली. रजा फक्त बाईच्याच नावावर असली की रिस्क पण बाईच वाटणार ना मालकाला, स्वीडनमध्ये 90 दिवस बापाच्या नावावर असतात, त्याने नाही घेतले तर गेले.

नुसतीच_वाचक:
सगळं पटलं, पण आपण पगाराची स्लिप असणाऱ्यांचंच बोलतोय. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई बाळंतपणानंतर दीड महिन्यात कामावर हजर. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे 5000, तेही हप्त्यांनी. त्यांच्या आठवड्यांचा हिशोब कोण करणार?

चहा_बिस्कीट:
सगळ्यांना थँक्यू. भोसरीकर, तुमचा हिशोब सरांच्या रागापेक्षा जास्त समजला. पण दोन लाखांची भीती त्या मुलीच्या नावावर कशाला, तिचं तर लग्नसुद्धा झालेलं नाही. उद्या तिची टेस्ट प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवते. आणि दोन_पोळ्या, तुमचं वाचून आत्ता घराजवळच्या पाळणाघरात फोन केला. साडेसहाच.