लिंबावर फवारणी कुणी केली?

वैशाली (७) सकाळी ७:१२
आज सहाच्या सुमारास मागच्या भिंतीलगत फवारणी कुणी केली? स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, अजून घरात वास आहे. सासूबाई मागच्या पायरीवर चहा घेत बसल्या होत्या. त्यांना दमा आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये रात्री दोनला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, तेही माहीत आहे.

अण्णा (८) ७:२०
वैशालीताई, मीच केली. लपवण्यासारखं काही नाही. माझ्या बोराच्या पानांची पार चाळण झाली आहे. तुमच्या लिंबालाही कोवळं पान राहिलं नव्हतं. पंपात औषध उरलं म्हणून भिंतीवरून तुमच्या लिंबावर मारलं. तुमचंच झाड वाचावं म्हणून.

वैशाली (७) ७:२२
लिंबाच्या खाली माझा कढीपत्ता आहे अण्णा. रोज पोह्यात, आमटीत पडतो.

अण्णा (८) ७:२३
धुवून घ्या.

वैशाली (७) ७:२३
धुवून??

भाऊकाका (४) ७:३१
सर्वांस नमस्कार. मागच्या गल्लीतले तीन मोठे पांढरे दिवे रात्रभर चालू असतात. त्यावर किडे येतात. ते बंद करावेत. हे मी मे महिन्यापासून लिहितो आहे.

संजय, सेक्रेटरी (११) ७:३५
भाऊकाका, दिव्यांचा विषय वेगळा आहे. दोन सायकली गेल्यावर सर्वानुमते लावलेत. आता फवारणीवर बोलू. अण्णा, पुढच्या वेळी आदल्या दिवशी ग्रुपवर कळवा, एवढीच विनंती.

डॉक्टर (९) ७:४०
अण्णा, बाटलीवर त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे?

अण्णा (८) ७:४४
पिवळा. बागेतलंच औषध आहे. पिंपळगावला चाळीस वर्षं द्राक्षं काढतोय डॉक्टर, औषध मला शिकवू नका.

डॉक्टर (९) ७:५२
शिकवत नाही अण्णा, काळजीने विचारतोय. लाल सगळ्यात विषारी, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. म्हणजे तुम्ही वरून दुसऱ्या नंबरचं विष दहा फुटांवर माणूस बसलेला असताना मारलंत. लेबलवर द्राक्षासाठी किती मिली आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. कढीपत्त्यासाठी काय लिहिलंय? काहीच नसणार. द्राक्ष काढणीला एकदा तोडतात, कढीपत्ता रोज तोडतात. धुवून ते सगळं जात नाही, काही औषधं पानात मुरतात.
वैशालीताई, आजींना तिकडे बसू देऊ नका. धाप किंवा मळमळ वाटली तर लगेच फोन करा, मी घरीच आहे. अण्णा, बाटलीच्या लेबलचा फोटो मला पाठवा, उपचाराची वेळ आली तर तो लागतो.

वैशाली (७) ७:५५
थँक्यू डॉक्टर. आत्ता ठीक आहेत. खोकला आहे थोडा.

माई (१) ८:०३
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तंबाखू रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून शिंपडायची. वर चुलीतली राख. अळी फिरकत नसे.

डॉक्टर (९) ८:०६
माई, तंबाखूच्या पाण्यात निकोटिन उतरतं. तेही विषच आहे. खायच्या पानांवर नको.

माई (१) ८:०७
बरं. आम्ही जगलो कसे देव जाणे.

रोहित (१२) ८:१०
अळ्यांना पण मेंटेनन्स लावा, आपोआप सोडून जातील 😄

सुषमा वहिनी (५) ८:१४
हसू नका. दोन वर्षांपूर्वी शेवग्यावर केसाळ अळ्या आल्या तेव्हाही असंच "मला शिकवू नका" झालं होतं. खोडावर ढीगच्या ढीग बसल्या होत्या. टेंभा पेटवून जाळल्या. अळ्या मेल्या, पण साल भाजली आणि माझ्या भिंतीचा रंग काळा झाला. पुढे झाड वाळलं म्हणून महापालिकेला न विचारता तोडलं. शेंगा आम्हीही खायचो त्याच्या.

अण्णा (८) ८:१६
तो विषय संपलेला आहे वहिनी. रंगाचे पैसे मी दिले होते.

सुषमा वहिनी (५) ८:१६
अर्धे.

संजय, सेक्रेटरी (११) ८:१८
कृपया जुने विषय नकोत 🙏

मंजिरी (३) ८:२५
वैशाली, लिंबाच्या पानांचा फोटो टाक ना. जवळून. पानाची खालची बाजू पण.

वैशाली (७) ८:३८
📷 📷 📷

मंजिरी (३) ८:४९
पहिल्या फोटोत देठाजवळ चिमणीची शिट पडल्यासारखं दिसतंय ना? काळपट, मध्ये पांढरा पट्टा? ती शिट नाही, अळी आहे. लिंबावरच्या फुलपाखराची. लहानपणी अशी दिसते म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते, करंगळीएवढी, मग पानात ओळखूच येत नाही. काडीने टोचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो. मुलगी दरवर्षी बरणीत पाळते, म्हणून मला पाठ आहे.
मादी कोवळ्या पानावर एकेक सुटं अंडं घालते, मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं. तुझं झाड छातीएवढं आहे. रोज सकाळी पाच मिनिटं पानं उलटून पाहिलीस आणि अळ्या हाताने वेचल्यास तर पंपाची गरजच नाही.
तिसऱ्या फोटोत पानावर चंदेरी नागमोडी रेघा आहेत, ती नागअळी. ती पानाच्या पापुद्र्याच्या आत असते, वरवर मारलेलं बरंचसं औषध तिथे पोचतच नाही. वळलेली पानं तेवढी खुडून टाक. तिने केलेल्या जखमांतूनच खैऱ्या रोग लवकर शिरतो, मग लिंबांवर खरबरीत डाग पडतात.

वैशाली (७) ८:५३
म्हणजे मी रोज पाणी घालताना त्यांना शिट समजून सोडत होते 😞

मंजिरी (३) ८:५४
सगळेच सोडतात गं.
एक सांगते. राणी पाकोळीची अळी पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखरू केलं. सरसकट विष मारलं की तीही जाते.

अण्णा (८) ८:५८
राज्य फुलपाखराने लिंबू खाल्लं तर पंचनामा करायला तलाठी येणार का?

रोहित (१२) ८:५९
😂😂 अण्णा

वैशाली (७) ९:०१
अण्णा, मला हसू येत नाहीये. भिंतीच्या अलीकडचं झाड माझं आहे. अळी असो नाहीतर वाळवी, विचारायला हवं होतं.

अण्णा (८) ९:०४
_हा मेसेज डिलीट केला आहे_

भाऊकाका (४) ९:१०
नमस्कार. दिव्यांबद्दल कुणी उत्तर दिलेलं नाही. काल रात्री साडेआठला माझ्या मागच्या दाराशी हे होते.
📷

रोहित (१२) ९:१२
काका हे तर झुरळ

भाऊकाका (४) ९:१३
झुरळ नाही. तपकिरी भुंगेरा आहे. पहाटे दिव्याखाली एकवीस झाडून काढले. परवाच्या पावसापासून येत आहेत.

अण्णा (८) ९:२०
भाऊ, फोटो नीट पाठवा. उजेडात.

भाऊकाका (४) ९:२६
📷

अण्णा (८) ९:४१
हा हुमणीचा भुंगेरा आहे.
मी बोरावर उडद्या समजून मारलं. बागेत छाटणीनंतर उडद्या येतो, पानाला लांबट भोकं पाडतो. बोराची भोकं पाहून तेच डोक्यात बसलं. पण उडद्या दिवसा दिसतो, आणि सकाळी बोरावर मला एकही किडा दिसला नव्हता. तेव्हाच थांबायला हवं होतं.

मंजिरी (३) ९:४४
म्हणजे पानं खाणारे रात्री येतात आणि दिवसा जमिनीत जातात?

अण्णा (८) ९:५६
हो. वळवाचा पाऊस पडला की मातीतून वर येतात. दिवस मावळल्यावर, साधारण साडेसातनंतर. कडुनिंब, बाभूळ, बोर ही त्यांची आवडती झाडं. रात्रभर पानं खातात, तिथेच नर-मादी जुळतात, उजाडायच्या आत परत मातीत. मग अंडी, आणि त्यातून पांढरी वाकडी अळी, ती मुळं खाते. ऊस-भुईमुगाचं वाटोळं करते ती हीच. वर्षाला एकच पिढी. म्हणून या पंधरा-वीस दिवसांत भुंगेरे वेचले तर पुढचं वर्षभराचं काम होतं. वडील आम्हा भावंडांना कंदील देऊन रात्री बाभळी हलवायला पाठवायचे.

सुषमा वहिनी (५) १०:०२
तरीच लॉन ठिकठिकाणी पिवळं पडतंय. हुमणी शेणखतातूनही येते. गेल्या वर्षी ते न कुजलेलं शेणखत कुणी आणलं होतं ट्रॅक्टरभर?

संजय, सेक्रेटरी (११) १०:०४
वहिनी, ते कमिटीने आणलं होतं. एकट्याने नाही.

सुषमा वहिनी (५) १०:०४
मी नाव घेतलं का?

भाऊकाका (४) १०:१०
म्हणजे दिवे बंद करणार का?

संजय, सेक्रेटरी (११) १०:१५
काका, चोरी झाली तर जबाबदारी कुणाची?

अण्णा (८) १०:२३
भाऊंचं बरोबर आहे. आपण इतके दिवस ऐकलं नाही. पण सगळे बंद नका करू. मधला एक दिवा साडेसात ते नऊ चालू ठेवा, त्याच्या खाली पसरट टबात पाणी आणि वर थोडं रॉकेल. भुंगेरे दिव्यावर आपटून पाण्यात पडतात, परत उडत नाहीत. रॉकेल आता कुठे मिळत नाही, कपड्याच्या साबणाचं पाणीही चालेल. बाकी दोन दिवे तेवढा वेळ बंद. आणि बोर, कडुनिंबाखाली जुनी चादर पसरून फांद्या हलवायच्या. पडलेले वेचून त्याच टबात.

माई (१) १०:२६
चादर माझ्याकडे आहे. जुनी, पण दोन्ही बाजूंनी धड आहे.

मंजिरी (३) १०:३१
आणि गेटजवळच्या कडुनिंबाच्या निंबोळ्या यंदा झाडून कचऱ्यात टाकू नका. गाड्यांखाली चिरडतात म्हणून सगळ्यांची तक्रार असते, पण त्या वेचून, गर काढून सावलीत वाळवल्या तर पुढे कामाला येतील. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी शिंपडायची. पाच टक्के अर्क म्हणतात तो हाच. त्याच दिवशी संपवायचा, ठेवायचा नाही.

अण्णा (८) १०:३३
बागेत आम्हीही मारतो तो. इथे सुचलं नाही.

संजय, सेक्रेटरी (११) १०:४०
ठरलं तर. आज ७:३० ला मागच्या गल्लीत जमू. टब कमिटीचा. आणि आजपासून नियम: त्रिकोण कोणताही असो, आदल्या दिवशी ग्रुपवर लिहिल्याशिवाय फवारणी नाही.

वैशाली (७) १०:४४
आणि भिंतीपलीकडे अजिबात नाही.

संजय, सेक्रेटरी (११) १०:४५
आणि भिंतीपलीकडे अजिबात नाही.

रोहित (१२) रात्री ९:१७
📷 📷
मोजले. १८६. डोक्यावर आपटतात राव. त्यातले चाळीसेक माझ्या शर्टावर होते.

भाऊकाका (४) ९:२०
सर्वांचे आभार. आता नऊ वाजून गेले आहेत. मधला दिवा अजून चालू आहे.

संजय, सेक्रेटरी (११) ९:२१
बंद करतोय काका.

अण्णा (८) ९:३४
वैशालीताई, आईंचा खोकला कसा आहे?

वैशाली (७) ९:४८
बरा आहे. झोपल्यात. कढीपत्ता मी छाटून पिशवीत बांधून टाकला, पार बुंध्यापर्यंत. नवीन फुटेल तेव्हा फुटेल.

अण्णा (८) ९:५२
माझ्या पुढच्या अंगणातल्या झाडावर काही मारलेलं नाही. सकाळी दोन फांद्या तुमच्या गेटला लावून ठेवतो.

वैशाली (७) १०:०५
सहा वाजता नको. आठनंतर.