सुधाचा पाय आणि गुहागरची कौलं

ग्रुप: आपला वाडा, गुहागर 🚩

शैलाआत्या (सकाळी ६:४८): कोणी जागं आहे का? काल संध्याकाळपासून ऑस्ट्रेलियाला सुधाकरला आणि नलूला फोन लावतेय, लागत नाही. मंदारचाही बंद. आत्ता उठून बघते तर ऋताच्या स्टेटसला सुधाचा पाय! फळीला बांधलेला!! खाली लिहिलंय "आउटबॅक स्पेशल". घरच्या माणसांना हे आता स्टेटसवरून कळायचं का?

पिंट्या: आत्या, फळी नाही ती. योगा मॅट आहे. झूम करा.

शैलाआत्या: तू गप.

बाळूकाका: सर्वांना नम्र विनंती. कौलांची वर्गणी घरटी १२,०००. पाच घरांची आली, दोघांची बाकी. माजघरात बादली लावली आहे. फोटो सोबत.

शैलाआत्या: बाळू!! सुधाचा पाय मोडलाय आणि तू कौलं घेऊन बसलास?

बाळूकाका: ताई, मला कुठे माहीत होतं. मी रोजच्या वेळेला टाकतो.

अण्णा पुणे: सुप्रभात. चि. मंदार, सविस्तर कळव. घाबरण्याचे कारण नसावे. मी या प्रवासाबद्दल मे महिन्यातच माझे मत दिले होते, ते आता उगाळत नाही.

पिंट्या: उगाळलंत की 😄

मंदार ॲडलेड (७:३५): बाबा ठीक आहेत. आधी एवढं वाचा, मग भांडा.
रेंज नव्हती. ग्लेनडॅम्बो गाव सोडलं की कूबर पेडी गावापर्यंत अडीचशे किलोमीटर पेट्रोलही मिळत नाही. त्याच्या मधल्या एका थांब्यावर रात्री कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) लावली होती. जेवण झाल्यावर बाबा तारे बघायला बाहेर निघाले. खाली ओढून काढायची जी पायरी असते ती मी आत ढकलून ठेवली होती. बाबांनी ती आहे असं समजून पाय टाकला. उजवा घोटा.
शेजारी एक म्हातारं ऑस्ट्रेलियन जोडपं होतं. रिटायर झाल्यावर सहा सहा महिने कॅरव्हॅनमध्येच फिरणारे असतात ना, ग्रे नोमॅड म्हणतात त्यांना, तसलं. बाई जुनी नर्स निघाली. बाबांना चार पावलं टाकायला सांगितली, एकही टाकता येईना. म्हणाली, एक्सरे लागणारच. मग मॅट गुंडाळून बांधली, पाय उशीवर, वर फ्रोझन मटारची पिशवी. बोटं गरम आहेत का, हलतात का, मुंग्या येतात का, हे रात्रभर दर तासाला बघायला लावलं.
सकाळी उजाडल्यावर निघालो. कूबर पेडीच्या हॉस्पिटलात आहोत. घोट्याचं बाहेरचं हाड चिरलंय, जागेवरून हललेलं नाही. ऑपरेशन नाही. गुडघ्यापर्यंतचा बूट, कुबड्या, आणि पुढचा एक्सरे होईपर्यंत पाय टेकवायचा नाही.

शैलाआत्या: रात्रभर तसंच ठेवलं त्याला???

अण्णा पुणे: तिथे विमानाने येणारे डॉक्टर असतात असे वाचल्याचे स्मरते. त्यांना का पाचारण केले नाही?

मंदार ॲडलेड: असतात ना, रॉयल फ्लाइंग डॉक्टर. त्या जोडप्याकडे सॅटेलाइट फोन होता, त्यावरून हॉस्पिटलशी बोललो. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हाड बाहेर आलंय का, बोटं गार किंवा निळी आहेत का, संवेदना आहे का. यातलं काही बिघडलं असतं तर तिथूनच पुढची हालचाल झाली असती. या हायवेवर काही ठिकाणी तर रस्त्यावरच विमान उतरवायचे पट्टे मारलेत. पण मुरगळलेल्या घोट्यासाठी रात्री विमान नाही येत काका.
आणि मी स्वतः रात्री गाडी काढली नाही कारण अंधारात कांगारू, गुरं आणि रोड ट्रेन. एकेक ५३ मीटर लांब.

अण्णा पुणे: ५.३ असावे. टंकनदोष.

मंदार ॲडलेड: त्रेपन्न, अण्णाकाका. एका ट्रकमागे तीन डबे.

पिंट्या: म्हणजे आपल्या गुहागर डेपोतल्या चार एसट्या एकामागे एक, आणि वर थोडी जागा उरते.
बाय द वे, फ्लाइंग डॉक्टर ज्यांनी १९२८ ला सुरू केलं त्या जॉन फ्लिनचा फोटो तिथल्या २० डॉलरच्या नोटेवर आहे. लांबच्या फार्मवर औषधांची पेटी ठेवतात, प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर लांबून सांगणार, अमुक नंबर द्या. एकाकडे म्हणे ९ नंबर संपलं होतं तर त्याने ५ आणि ४ दिलं 😂

शैलाआत्या: पिंट्या, इथे काय चाललंय आणि तुझं काय चाललंय. आपल्या परसात कांडवेल आहे. तिचा लेप लावला की हाड लवकर सांधतं म्हणतात. बाळू, कुरियर कर.

ऋता: आत्या, कुठलीही वनस्पती इथे विमानतळावर अडकते. वर दंड. प्लीज कोणी काही पाठवू नका. आणि स्टेटसबद्दल सॉरी, कूबर पेडीला रेंज आल्या आल्या आईंच्या नादाला लागून टाकलं.

नलूकाकू: माझ्या नादाला? मी म्हटलं फक्त शैलाताईंना फोटो पाठव.
मी यांना सांगत होते, बॅटरी घ्या, स्वेटर घाला, बाहेर ४ डिग्री आहे. तर म्हणे, असं आकाश डोंबिवलीला दिसत नाही. दिसलं आता आकाश. पडल्यावर उताणेच होते, व्यवस्थित दिसलं.

पिंट्या: 😂😂😂

सुधाकरकाका: मी थिक आहे. बोलून टाइप करतोय. तिसरी पायरी काल होती आज नव्हती यात माझी चुक काय. हॉस्पिटल लहान पण स्वच्छ. बूट चंद्रावर जातात तसला.

अण्णा पुणे: ईश्वराची कृपा. आता एक व्यावहारिक प्रश्न. खर्च कोण करणार? मंदारचे तिकडचे सरकारी कार्ड सुधाला चालते का?

मंदार ॲडलेड: नाही. मेडिकेअर आमच्यासाठी. बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत आणि भारताशी तसा करार नाही. सगळं बिल रोख. इन्शुरन्स आहे म्हणून बरं.

शैलाआत्या: आहे म्हणजे गौरीने काढला म्हणून आहे. तेव्हा "एजंटांचं कमिशन, दोन महिन्यांना काय होतंय" असं कोण म्हणत होतं ते वर स्क्रोल केलं तर सापडेल.

अण्णा पुणे: मी तत्त्व म्हणून म्हणालो होतो.

शैलाआत्या: आणि गौरीने स्वतःच्या कार्डावर भरलेले पैसे तत्त्व म्हणूनच राहिलेत.

गौरी नाशिक (९:१०): आई, पुरे. पेशंट बघून आत्ता मोकळी झाले.
सुधामामा, फॉर्ममध्ये तुमची शुगर मी लिहिली होती, काळजी नको. मंदारदादा, कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर आजच्या आज कळव, क्लेम नंबर घे. एक्सरेचा रिपोर्ट, बुटाची पावती, कुबड्यांची पावती, सगळ्याचे फोटो काढून ठेव.
आता पायऱ्या. मामा, कुबड्या घेऊन कॅरव्हॅनच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. दाराकडे पाठ करायची, खालच्या पायरीवर बसायचं. मोडलेला पाय समोर लांब. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकवून डाव्या पायाने रेटा द्यायचा आणि बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकायचं. आत गेल्यावर आधी स्टुलावर, मग उभं. उतरताना तसंच, तोंड बाहेर. मंदारदादा, खालची पायरी आता रात्रंदिवस बाहेर ठेव आणि तिच्या कडेला पांढरी चिकटपट्टी मार.

सुधाकरकाका: म्हणजे ढुंगणाने चढायचं.

गौरी नाशिक: हो मामा. मी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

नलूकाकू: गौरी, आंघोळीचं सांग ग. न्हाणीघर आपल्या देव्हाऱ्याएवढं आहे, संडासही त्यातच. दोन माणसं मावत नाहीत.

गौरी नाशिक: मामी, कमोडचं झाकण लावून त्यावर बसवा आणि मगाने घाला. बूट काढायला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच काढा, नाहीतर कचऱ्याची मोठी पिशवी आणि वर टेप. रात्री उठायला लागलं तर बाहेर न्यायचं नाही. एक जुनी बाटली ठेवा, लाजू नका. आणि कुबड्यांची खालची रबरं रोज पुसा, ती लाल माती पिठीसारखी असते, रबरात बसली की फरशीवर घसरतात.

शैलाआत्या: गाडीत बसण्यापेक्षा त्याला मागे कॅरव्हॅनमध्येच आडवं करून न्या ना. पलंग आहेच.

मंदार ॲडलेड: आत्या, चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवणं इथे बेकायदेशीर आहे.

गौरी नाशिक: पुढची सीट पूर्ण मागे घ्या, पाय बॅगेवर. डॅशबोर्डवर नाही, एअरबॅग उघडली तर गुडघा तोंडात येईल. दर तासाला थांबायचं, डावा घोटा वरखाली, पाणी प्यायचं. अडकवलेला पाय आणि लांबचा प्रवास, त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर लगेच डॉक्टर. रक्त पातळ करणारं इंजेक्शन लागतं का हे तिथल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. मी इथून सांगणार नाही.

बाळूकाका: सर्वांना नम्र विनंती. कौलांची वर्गणी घरटी १२,०००. पाच घरांची आली, दोघांची बाकी. बादली आता भरली आहे. फोटो सोबत.

अण्णा पुणे: बाळू, औचित्य पाळ.

बाळूकाका: अण्णा, औचित्य पाळलं की पाऊस थांबतो का? मार्चपासून पाळतोय. कॅरव्हॅनच्या भाड्याला पैसे निघतात, घराच्या छपराला नाही. मी काही बोललो नाही कुणाला.

मंदार ॲडलेड: बाळूकाका, कॅरव्हॅन मी घेतलीय भाड्याने. बाबांनी नाही.

बाळूकाका: मी तुझं नाव घेतलं का रे?

(चार मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. मग एका मावशीकडून कुठल्याशा देवळाचा गुड मॉर्निंग फोटो आला.)

अण्णा पुणे: असो. आता परतीचे ठरवा. मंदार, ॲडलेडला परत फिरावे हे माझे स्पष्ट मत. त्या उलुरू डोंगराचा विषय संपला.

सुधाकरकाका: संपला कसा. इथपर्यंत ८५० किलोमीटर आलो.

अण्णा पुणे: आणि पुढे किती?

मंदार ॲडलेड: साधारण साडेसातशे.

अण्णा पुणे: म्हणजे पुण्याहून नागपूर. एका पायावर.

पिंट्या: आणि मधे चहाला ना अमरावती ना कारंजा. मार्ला, कुलगेरा, एर्लडुंडा. बस्स.

शैलाआत्या: सुधा, हट्ट करू नकोस. तो डोंगर चढायचाय का तुला या पायाने?

सुधाकरकाका: ताई, तो चढायला २०१९ पासून बंदीच आहे. तिथल्या मूळच्या लोकांचं पवित्र ठिकाण आहे. धडधाकट माणूससुद्धा लांबूनच बघतो. मी पण लांबूनच बघणार. माझं नुकसान शून्य.

पिंट्या: काकांनी मॅच फिरवली 🔥

अण्णा पुणे: कायदेशीर मुद्दा मान्य. वैद्यकीय मुद्दा तसाच आहे.

शैलाआत्या: मला हे पटलेलं नाही. आईच्या वेळेलाही असंच झालं होतं. आम्ही सांगायचं आणि तुम्ही करायचं तेच करायचं.

नलूकाकू: ताई, आईंच्या वेळेला पलंगाशी कोण होतं ते आता नको बोलायला.

ऋता (११:०२): मी बोलू का? इथे चार दिवसांचा स्वयंपाक मीच करतेय, दोन मुलांचे मोजे मीच शोधतेय आणि बाबांची बाटलीही मीच ओतणार आहे.
ठरलंय ते सांगते. इथल्या डॉक्टरांना विचारूनच.
दोन रात्री कूबर पेडीलाच. इथे घरं आणि लॉज जमिनीखाली कोरलेले आहेत, ओपल रत्नाच्या खाणींसारखे. आम्हाला एक खोली मिळालीय, पायऱ्या नाहीत, सपाट उतार आहे, आत थंडीही नाही. बाबा तिथे झोपतील, आम्ही कॅरव्हॅनमध्ये. मग दिवसाला जास्तीत जास्त २५० किलोमीटर. सूर्य उगवल्यावर निघायचं, दुपारी थांबायचं. तीन दिवसांत उलुरू. तिथे गाडीतूनच सूर्यास्त बघायची जागा आहे. पुढे ॲलिस स्प्रिंग्जला मोठं हॉस्पिटल आहे, आठवड्याचा एक्सरे तिथे. तिथून आई-बाबा विमानाने ॲडलेडला, मंदार कॅरव्हॅन घेऊन मागून येईल. मधे कुठेही सूज वाढली, बोटं बधिर झाली, तर मागे फिरायचं. बाबांनी हे सगळ्यांसमोर कबूल केलंय.
मागे फिरलो तरी गाडीत साडेआठशे किलोमीटर आहेतच. आणि ती नर्सबाई उलुरूकडेच चाललीय, आमच्या मागे पुढेच असणार.

गौरी नाशिक: वहिनी, हे चांगलं आहे. विमानाच्या आधी फिट टू फ्लायचा कागद घ्या, भारतात परतीच्या विमानालाही लागेल. पायापुढे जागा असलेली सीट मागा.

शैलाआत्या: बरं. तुम्ही ठरवलंय तर ठरवलंय. आम्ही काय बोलणार.

शैलाआत्या: सुधा, त्या खाणींच्या बाजूला जाऊ नकोस हं. उघडी भोकं असतात म्हणे.

सुधाकरकाका: हो. बोर्डच आहे. उलटं चालू नका. चित्र पण काढलंय माणूस खड्ड्यात पडतोय असं. मंदार म्हणतो बाबा तुमचा फोटो आहे.

पिंट्या: 😂😂 फोटो पाठवा काका, बोर्डाशेजारी बूट दिसला पाहिजे.

अण्णा पुणे: त्या परिचारिका बाईंना आमच्या कुटुंबातर्फे धन्यवाद कळवावेत. काही भेट द्यावी.

नलूकाकू: दिली. पुरणपोळ्यांचं पाकीट होतं शेवटचं, ते दिलं. तिने टोस्टरमध्ये घातल्या.

बाळूकाका: सर्वांना नम्र विनंती. कौलांची वर्गणी घरटी १२,०००. पाच घरांची आली

सुधाकरकाका: बाळू खाते क्रमांक पाठव. आत्ता करतो. नाहीतरी बसूनच आहे.

बाळूकाका: दादा, ग्रुपच्या माहितीत आहे. मार्चपासून.

सुधाकरकाका: पाठवले. बघ.

बाळूकाका: आले. 🙏 दादा, पायाची काळजी घे. माजघरातल्या तुझ्या पलंगावर पाणी येत नाही, तो मी सरकवला होता जूनमध्येच.

बाळूकाका: सर्वांना नम्र विनंती. सहा घरांची आली, एकाची बाकी.

पिंट्या: अण्णाकाका 👀

अण्णा पुणे: मी तत्त्व म्हणून थांबलो होतो. उद्या बँकेत जातो.

शैलाआत्या: आणि गौरीचे इन्शुरन्सचे

शैलाआत्या यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.

सुधाकरकाका: वाचला ताई. तेही पाठवतो. गौरी, तुझा नंबर तोच ना?