मोडशी : कोकणातला एक शब्द आणि त्याचा फ्रेंच अवतार

‘मोडशी’ हा शब्द आता फारसा छापला जात नाही, पण कोकणात आणि गोव्यात वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तो अजून येतो. लग्नाच्या जेवणानंतर पोट बिघडले, आंबट ढेकर, उलटी आणि जुलाब असे सगळे एकदम सुरू झाले की ‘मोडशी झाली’ असे म्हणतात, आल्या-लिंबाचा रस देतात आणि दिवसभर पेजेवर ठेवतात. या घरगुती शब्दाविषयी दोन विधाने वारंवार केली जातात. एक असे की मोडशी म्हणजे कॉलरा, आणि दुसरे असे की हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. दुसरे विधान सरळ चुकीचे आहे. पहिले अर्धे खरे आहे, आणि त्यात बराच इतिहास दडलेला असल्यामुळे ते नीट तपासायला हवे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत तेथेच राहिला. मुंबई बेटाचा पट्टाही त्याच्याकडे होता. भारतीय औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. पोटाच्या एका जीवघेण्या विकाराविषयी तो त्यात लिहितो की आमच्या वैद्यकात याला ‘कोलेरिका पासिओ’ म्हणतात, येथील लोक ‘मोर्शी’ म्हणतात, आणि आम्ही त्याचा अपभ्रंश करून ‘मोर्देशी’ म्हणतो. हा रोग युरोपातल्यापेक्षा येथे फार तीव्र असतो, बहुधा चोवीस तासांत माणूस जातो, आणि दहा तासही न टिकलेले रोगी आपण पाहिले आहेत, असेही तो नोंदवतो. शब्द मूळचा येथला आणि अपभ्रंश आमचा, ही कबुली त्या काळच्या पोर्तुगीजानेच दिलेली असल्यामुळे उसनवारी कोणत्या दिशेने झाली याविषयी शंका उरत नाही.

‘मोडशी’चे ‘मोर्शी’ आणि ‘मोर्देशी’ कसे झाले हेही समजण्यासारखे आहे. दोन स्वरांमधला आपला ड जीभ उलटी वळवून निसटता उच्चारला जातो. पोर्तुगीज भाषेत तो ध्वनी नाही, त्यामुळे एकाच्या कानाला तेथे र ऐकू आला, तर दुसऱ्याच्या कानाला र आणि द दोन्ही. पुढे शब्दाच्या शेवटी अनुनासिकही चिकटले आणि ‘मोर्देशीं’ हे रूप रूढ झाले. वसईचे ‘बसाईं’ आणि मुंबईचे ‘बोंबाईं’ करणाऱ्या जिभेला हे स्वाभाविकच होते. गोव्याचेच सुपुत्र असलेले कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1919 ते 1921 या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रहात या शब्दाचे मूळ कोकणी-मराठीतच दाखवले आहे. मूळ धातू ‘मोडणे’ मानला जातो, आणि मला तो पूर्णपणे पटतो. तापात अंग मोडून येते, दुखण्याने माणूस मोडून पडतो. तासा-दोन तासांत धडधाकट माणसाला आडवे करणाऱ्या विकाराला याच क्रियापदावरून नाव मिळावे, यात ओढूनताणून काही नाही.

पुढचा प्रवास अधिक चमत्कारिक आहे. पोर्तुगीजांकडून हा शब्द डच आणि इंग्रज प्रवाशांकडे गेला. सतराव्या शतकात पश्चिम भारतात फिरलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने त्याची नोंद करताना या रोगावर निर्दयपणे डागण्या देतात असे लिहिले आहे. फ्रेंचांच्या तोंडी मात्र ‘मोर्देशीं’चे ‘मोर द शियँ’ झाले, आणि फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ निघाला ‘कुत्र्याचे मरण’. अनोळखी ध्वनीत ओळखीचे शब्द ऐकू येण्याचा हा प्रकार सर्वच भाषांत घडतो, पण येथे तो इतका चपखल बसला की अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतातले इंग्रज डॉक्टरसुद्धा हेच फ्रेंच नाव वापरू लागले. आपल्याकडेही ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ असा वाक्प्रचार असल्यामुळे मराठी वाचकाला ही व्युत्पत्ती फार लवकर खरी वाटते, म्हणून आवर्जून सांगतो की हा निव्वळ योगायोग आहे. 1886 मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने हा भ्रम दूर करून शब्द मराठी-कोकणीकडे परत आणून सोडला आहे.

आता कॉलरा या शब्दाकडे वळू. तो ग्रीक आहे, आणि सामान्यतः त्याचा संबंध पित्त या अर्थाच्या ‘खोले’ या शब्दाशी जोडला जातो. कोलेस्टेरॉल आणि मेलँकोलिया हे शब्दही ‘खोले’वरूनच आले. जुन्या इंग्रजीत ‘कॉलर’ म्हणजे पित्त आणि रागही, जसे आपले पित्त खवळते. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लेखी कॉलरा म्हणजे बहुधा खाण्यापिण्याच्या चुकीमुळे उलट्या आणि जुलाब होणे, म्हणजेच आपली मोडशी. सुश्रुतसंहितेतली विसूचिकाही अजीर्णातूनच उद्भवते, आणि अंगात सुया टोचल्यासारख्या वेदना होतात म्हणून तिचे नाव सूचीवरून आले. अरबीतून आलेला हैजा आणि बंगालीतला ‘ओलाउठा’ याच पंक्तीत बसतात. ओलाउठा म्हणजे खाली उतरणे आणि वर येणे. इतके उघड आणि नेमके नाव दुसऱ्या कोणत्या भाषेने दिल्याचे मला आठवत नाही.

या सगळ्या शब्दांचे भवितव्य 1817 मध्ये बदलले. त्या वर्षी बंगालमधल्या जेसोर येथे साथ उसळली, नोव्हेंबरमध्ये बुंदेलखंडात तळ देऊन असलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत तिने थैमान घातले, आणि 1818 मध्ये ती दख्खनमध्ये आणि मुंबईत पोचली. इंग्रज डॉक्टरांनी या साथीला आपल्या पुस्तकातले ‘कॉलरा’ हेच जुने नाव दिले, आणि हळूहळू त्या नावाचा अर्थ साथीपुरता आवळला गेला. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जीवाणू निश्चित केला, तेव्हा अर्थाला शास्त्रीय कुंपणही पडले. पित्तावरून नाव मिळालेल्या या रोगात रोग्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके असतात, पित्ताचा रंग त्यात दिसतच नाही.

मराठीत साथीसाठी पटकी, महामारी आणि जरीमरी हे शब्द वापरले गेले. गावोगावी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेण्याची रीत होती, आणि ‘तुला पटकी येवो’ हा शाप तर अजून ऐकू येतो. मोडशी मात्र या भयाच्या शब्दांत सामील झाली नाही. म्हणून तिचा अर्थ झिजला किंवा सौम्य झाला असे म्हणणे मला मान्य नाही. तिचा अर्थ जुन्या कॉलऱ्याइतकाच रुंद होता आणि तो तसाच राहिला, कुंपणात गेला तो कॉलरा.

वापराच्या दृष्टीने याचा परिणाम असा की ओर्ताच्या ‘मोर्शी’चा मराठी अनुवाद करताना तेथे थेट ‘कॉलरा’ लिहू नये, कारण त्याने पाहिलेल्या रोग्यांच्या पोटात कोणता जीवाणू होता हे त्या शब्दावरून ठरत नाही. ‘मोडशी’ हाच शब्द ठेवून तीव्रतेचे वर्णन त्याच्याच शब्दांत द्यावे. 1817 नंतरच्या इंग्रजी कागदपत्रांतल्या ‘कॉलरा’साठी ‘पटकी’ चालेल. आणि दवाखान्यात एखाद्या आजींनी ‘मोडशी झाली आहे’ असे सांगितले, तर उलट्या-जुलाब कधीपासून सुरू झाले, किती वेळा झाले आणि लघवी होते आहे की नाही हे डॉक्टरांनी विचारावे, कारण आजींचा शब्द लक्षणे अचूक सांगतो, पण कारण सांगत नाही.