नाताळच्या दिवसांत घर आणि परंपरा, दोन्ही कसं सांभाळता?

प्रश्न विचारणार : दोन_लेकरांची_आई

सासूबाई यंदा मार्चमध्ये गेल्या. त्यांच्याशिवायचा हा आमचा पहिलाच नाताळ, आणि नोव्हेंबर लागल्यापासून माझ्या मनावर दडपण आलंय.

आतापर्यंत आमच्या घरी नाताळ म्हणजे त्याच. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याचा खोका माळ्यावर कुठे आहे, मेंढराचा निखळलेला पाय कशानं चिकटवायचा, कुणाला काय भेट द्यायची नि गेल्या वर्षी काय दिली होती, कुणाच्या घरी यंदा दुःख झालंय म्हणून आधी त्यांच्याकडे जायचं, मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, धाकटा जागा राहावा म्हणून त्याला दुपारी कधी निजवायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. लिहिलेलं काहीच नाही. मी हाताखाली असायचे, सांगतील ते करायचे.

आता नवरा म्हणतो, "आई करायची तसंच करू." नणंद चोवीस डिसेंबरला मुलांना घेऊन येतेय, तिचंही तेच म्हणणं. दोघांचं दुःख मला कळतं, माझंही आहेच. पण तसंच करायचं म्हणजे करायचं कुणी? ऑफिसात वर्षअखेरीची कामं याच दिवसांत येतात. धाकटा सहा वर्षांचा आहे, रोज उठल्या उठल्या विचारतो, "आज आहे का नाताळ?" थोरली तेरा वर्षांची. यंदा कॅरोलला, नाताळची गाणी गायला, येणार नाही म्हणते, आणि आजीचा विषय निघाला की खोलीत जाऊन दार लावून घेते.

काय ठेवायचं नि काय सोडायचं, हे तुमच्या घरी कसं ठरलं? आईंना विसरलो असं कुणालाही वाटायला नको. आणि चोवीसच्या रात्री मी चर्चमध्ये उभ्या उभ्या पेंगायलाही नको.

उत्तर : थोरली_काकू

बाळा, आधी एक कर. नवरा, नणंद, मुलं, सगळ्यांना एकेकट्याला विचार : "कुठली एक गोष्ट झाली नाही तर तुला नाताळ झाल्यासारखं वाटणार नाही?" एकच सांगायची. सगळे एकत्र बसलेले असताना विचारू नकोस, मग पहिला जे बोलेल त्याचीच री बाकीचे ओढतात.

आमच्याकडे सासूबाई थकल्या तेव्हा मी हे केलं होतं. मला वाटत होतं, सजावट, पडदे, नवे कपडे यांवरच घर उभं आहे. पडद्यांचं नाव एकानंही काढलं नाही. मुलांनी काय सांगितलं? मिस्सेला निघण्याआधी घरातले मोठे दिवे मालवून त्यांचे बाबा बायबलमधला येशूजन्माचा भाग, लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, वाचतात, ते. येशूच्या आईला, मरियेला, उतारशाळेत जागा मिळत नाही, तिथपर्यंत आलं की आमची मधली दरवर्षी विचारायची, "आपल्याकडे आले असते तर कुठे झोपवलं असतं?" मग घरभर जागा शोधायची. या सगळ्याला वेळ लागायचा तो पाव तास. पैसा शून्य. आणि मी मात्र महिनाभर पडदे धूत होते.

ज्या गोष्टी कुणाच्याच तोंडी आल्या नाहीत त्या यंदा सोड. कायमच्या नव्हे, यंदापुरत्या. असं म्हटलं की नणंदेलाही जड जात नाही.

दुसरं, आणि हे मी पोटतिडकीनं सांगते. काम वाटून देतेस तेव्हा त्यातलं लक्षात ठेवण्याचं कामही देऊन टाक. "सांग, मी करतो" म्हणणारा नवरा चांगलाच आहे, पण सांगण्याचं ओझं तुझ्याच डोक्यावर राहतं, आणि थकवतं ते तेच. भेटवस्तू त्याच्याकडे म्हणजे पूर्ण त्याच्याकडे : कुणाला, काय, कधी आणायची, कागदात कधी बांधायची. एखादी राहिली तर राहिली. ती तू गुपचूप आणून ठेवायची नाहीस. तुझ्या सासूबाईंनी इतकी वर्षं एकटीनं पेललं ही त्यांची माया होती. पण तसंच एकटीनं पेलणं ही काही त्यांची परंपरा नव्हे. त्यांची परंपरा घरातल्यांना एकत्र आणण्याची. ती चौघांत वाटली तरी त्यांचीच राहते.

उत्तर : रात्रपाळी

ताई, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. चोवीसची रात्र बहुतेक वर्षी ड्युटीवरच जाते, त्यामुळे आमच्या घराला एक गोष्ट फार लवकर शिकावी लागली : नाताळ हा एक दिवस नाहीच.

हे मी सोयीसाठी म्हणत नाही. कॅथलिक उपासनेत २५ डिसेंबर ते १ जानेवारी हे आठही दिवस एकाच सणासारखे साजरे होतात. नाताळचा काळ त्यानंतरही चालू राहतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो. तो बहुतेक ठिकाणी ६ जानेवारीनंतरच्या रविवारी येतो. बाजार मात्र नोव्हेंबरपासून सुरू होतो नि पंचवीसच्या संध्याकाळी दुकान आवरतो. आपण बाजाराचं वेळापत्रक घरात घेतलं की सगळं चोवीसच्या रात्रीवर येऊन आदळतं.

आमच्याकडे सव्वीसच्या आधी पाहुणे नाहीत, हे नातेवाइकांना आता पाठ झालंय. कुणी रागावलं नाही. उलट दोघा-तिघांनी सांगितलं की त्यांनाही पंचवीसला घराबाहेर पडायचं नसतंच. पंचवीसला सकाळी मी येतो, आंघोळ करून झोपतो. मुलं आजीबरोबर सकाळच्या मिस्सेला जातात. मी उठेपर्यंत भेटींच्या खोक्यांना हात लावायचा नाही, हा नियम मुलांनीच केलेला आहे. एकदा मी लवकर उठलो तर धाकटी म्हणाली, "पप्पा, अजून झोपा, तुमचे डोळे लाल आहेत."

नणंदेला तुम्ही स्पष्ट सांगा की चोवीसला फक्त मिस्सा आणि साधं जेवण. भेटीगाठी पुढच्या आठवड्यात. तिलाही आईच्या घरात नुसतं बसायला वेळ मिळेल. पहिल्या वर्षी त्याची गरज असते.

उत्तर : गोठेवाला

मी धाकट्याबद्दल आणि थोरलीबद्दल लिहितो.

"आज आहे का नाताळ?" हाच प्रश्न हॅम्बुर्गमधल्या एका अनाथ नि गरीब मुलांच्या आश्रमात मुलं रोज विचारायची. तो आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकानं १८३९ साली लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या, मधल्या दिवसांच्या लहान. रोज एक पेटवायची, म्हणजे किती दिवस उरले ते मुलांना डोळ्यांनी दिसायचं. आजचं आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांचं, चार मेणबत्त्यांचं चक्र त्यातूनच आलं. आगमनकाळात रविवार नेहमी चारच असतात. पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. सहा वर्षांच्या मुलाला "अजून खूप दिवस आहेत" हे कळत नाही, "अजून दोन मेणबत्त्या आहेत" हे लगेच कळतं. फक्त चक्राला हिरवी डहाळी लावली तर ती दोन-तीन आठवड्यांत वाळून कडकडीत होते आणि चटकन पेट घेते. मधेच बदला, आणि खोलीत कुणी नसताना मेणबत्ती जळती ठेवू नका. घरात लहान मूल आहे, बॅटरीवरच्या घेतल्या तरी काही बिघडत नाही.

गोठा थोरलीच्या हाती द्या. मदतीला बोलावू नका, पूर्ण तिच्यावर सोपवा. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि गवत भरलेली गव्हाणी मांडून मध्यरात्रीची मिस्सा करवली. बेथलेहेमात त्या बाळाची किती आबाळ झाली ते लोकांना डोळ्यांसमोर दिसावं, एवढंच त्याला हवं होतं. देखावा भपकेबाज हवा असं कुठेच नाही.

आमच्याकडे सगळी पात्रं एका दिवशी मांडत नाहीत. आधी रिकामा गोठा. मग जनावरं. योसेफ नि मरिया खोलीच्या दुसऱ्या टोकाहून रोज थोडी थोडी पुढे सरकतात. बाळ मिस्सेहून आल्यावर. बाळाच्या दर्शनाला उंटांवरून येणारे तीन ज्ञानी लोक तेव्हा कुठे पुस्तकांच्या कपाटावरून निघतात आणि ६ जानेवारीला पोचतात. माझा मुलगा तिच्याच वयाचा असताना कुणाशी धड बोलत नव्हता, पण उंट मात्र रोज रात्री सरकलेले असायचे. तिच्या आजीचे हात ज्या मूर्तींना लागलेत त्या तिला एकटीला हाताळू द्या. रडली तर रडू द्या. कॅरोलला नाही आली तरी चालेल.

प्रश्न विचारणार : दोन_लेकरांची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुम्ही सांगितलं तसं एकेकट्याला विचारलं.

नणंद गोठा म्हणेल याची मला खात्री होती. ती म्हणाली, "आईचे फोन." पंचवीसच्या संध्याकाळी आई ओळखीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांना फोन करायच्या : विधवा मैत्रिणी, नवऱ्याचे जुने शिक्षक, कधीकाळच्या शेजारीण. नंबर एका वहीत होते. मी इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ते बोलणं ऐकलं, पण कधी मोजलंच नव्हतं. वही शिवणाच्या डब्यात सापडली. काही नावांवर त्यांनी स्वतःच काट मारून पुढे क्रूस काढलाय. उरलेले फोन नणंद करणार आहे, आपल्या मुलांना शेजारी बसवून.

नवऱ्याची गोष्ट म्हणजे मिस्सेहून आल्यावर बाळ येशूला गव्हाणीत ठेवणं. ते आई करायच्या. यंदा कुणी ठेवायचं यावर तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, धाकट्याला देऊ. भेटवस्तूंची जबाबदारीही त्यानं घेतली, आणि मी यादी विचारणार नाही असं कबूल केलंय.

थोरलीला खोका दिला. दार लावूनच घेतलं तिनं, पण रात्री बाहेर येऊन विचारलं, "मेंढराचा पाय आजी कशानं चिकटवायची?" मला माहीत नव्हतं. वहीत फोन नंबर असलेल्या आईंच्या मैत्रिणीला उद्या विचारायचं ठरलंय. फोन तीच करणार आहे.

कार्डं, पडदे आणि चोवीसचं मोठं जेवण यंदा नाही. रात्रपाळीदादा, पाहुण्यांना सत्तावीसनंतर या असं सांगून टाकलं. एका मावशींना थोडं लागलं, त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन येईन.