माहीत एक, मानतो दुसरं: या अवस्थेला नेमका शब्द कोणता?

जे माहीत आहे ते एक आणि जे मानतो ते दुसरं, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसाच्या मनःस्थितीला काय म्हणायचं, असा प्रश्न आहे. 'द्विधा', 'कळतं पण वळत नाही', 'दुटप्पीपणा' आणि 'बोधात्मक विसंवाद' असे शब्द सुचवले गेलेत. मला यातला एकही पुरता पटत नाही. का, ते उदाहरणानेच सांगते.

नाशिकला रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे. तिथे सोडलेल्या अस्थी विरघळून जातात ही श्रद्धा, म्हणून लांबलांबून लोक येतात. माझे मामा पंचवटीतलेच, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेले. हाडात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असतं, ते आम्लात विरघळतं, नदीच्या पाण्यात जवळजवळ नाहीच, हे मला त्यांनीच शिकवलं. आजी गेली तेव्हा तिच्या अस्थी त्यांनी तिथेच सोडल्या. मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, विरघळत नाहीत हे मला माहीत आहे. आई तिथे गोदेत विरली असं मी मानतो. दोन्ही माझंच आहे, आणि त्याचा त्रास होतो तोही माझाच."

आता एकेक शब्द घेऊ. 'द्विधा' असतो तो निर्णय न झालेला माणूस; जावं की न जावं असं घोळणारा. मामांचा निर्णय झालेला होता. 'कळतं पण वळत नाही' हे पथ्य न पाळणाऱ्याला, व्यसन न सुटणाऱ्याला लावावं. त्यात ज्ञान योग्य आणि वागणं चुकतंय हा निवाडा आधीच दिलेला असतो. 'दुटप्पी' तर अन्यायच. दुटप्पी माणूस लोकांसमोर एक आणि पाठीमागे दुसरं करतो, आणि त्याला रात्री शांत झोप लागते.

'बोधात्मक विसंवाद' ही लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेल्या कल्पनेची मराठी संज्ञा. १९५९च्या प्रयोगात कंटाळवाणं काम करून 'मजा आली' असं दुसऱ्याला सांगण्याबद्दल काहींना एक डॉलर मिळाला, काहींना वीस. एक डॉलरवाल्यांनाच पुढे ते काम जास्त आवडल्यासारखं वाटलं. खोटं बोलायला पुरेसं कारण हाताशी नव्हतं, म्हणून मनाने मतच बदललं. संज्ञा मोलाची आहे, पण तिचा रोख हा विसंवाद मन कसं मिटवतं याकडे आहे. मामांनी मिटवला नाही. रसायनशास्त्र सोडलं नाही, रामकुंडही नाही.

म्हणून माझं मत 'द्वंद्व' या जुन्याच शब्दाला. त्याचा मूळ अर्थ जोडी. झुंज हा अर्थ त्या जोडीतूनच आला. शाळेतला द्वंद्व समास आठवा: दोन्ही पदं सारख्याच महत्त्वाची. 'खरंखोटं' हा वैकल्पिक द्वंद्व, मध्ये 'किंवा'. 'आईवडील' हा इतरेतर द्वंद्व, मध्ये 'आणि'. बाहेरचे लोक मामांकडून 'किंवा' मागतात, अंधश्रद्धाळू की विज्ञाननिष्ठ ते सांगा म्हणतात. मामा मात्र 'आणि' घेऊन जगतात. यात पळवाट आहे असं मला वाटत नाही, कारण 'आणि'चा भार 'किंवा'पेक्षा जास्त असतो.

क्रियापदांकडेही पाहा. 'मला कळतं', 'मला पटतं', 'मला वाटतं'. हे सगळं माणसाला होतं. पण 'मी मानतो'. तिथे कर्ता 'मी', जबाबदारीही माझी. गणितात आपण 'त्रिज्या क्ष मानू' म्हणतो, आणि 'ते वडीलधाऱ्यांना मानतात' असंही म्हणतो. एकात गृहीत धरणं आहे, दुसऱ्यात आदर. मामांच्या 'मानतो'मध्ये मला दोन्ही ऐकू येतात. 'विश्वास ठेवतो' म्हटलं तर त्यातलं अर्धं गळून जाईल.

वापराबद्दल एक सुचवते. आपण सवयीने 'द्वंद्वात सापडला', 'द्वंद्व सुटलं' असं लिहितो. तिथे द्वंद्व म्हणजे सापळाच. या अवस्थेसाठी 'वागवणे' घ्यावं. ओझं वागवतात, आणि माणसालाही नीट वागवतात. 'त्यांनी हे द्वंद्व जन्मभर मनात वागवलं' असं लिहिलं, तर भार येतो आणि तो उचलणाऱ्याचा मानही राहतो.