शेजारी अकरा वर्षांची मुलगी कामाला ठेवलीय, उचल फेडून तिला सोडवू का?

विजापूररोड_वहिनी
आमच्या मजल्यावर समोरच्या घरात दिवाळीनंतर एक मुलगी कामाला आली. अक्कलकोटकडची, कन्नड बोलते. पहाटे साडेपाचला भांड्यांचा आवाज सुरू होतो, तो रात्री अकराला थांबतो. परवा दार उघडं होतं तेव्हा दिसलं, ओट्याला हात पुरत नाही म्हणून पाटावर उभी राहून कढई घासत होती. जिन्यात गाठून विचारलं, "सालीगे होगतीएन?" म्हणजे शाळेत जातेस का. खाली बघत म्हणाली, "इल्ल री," नाही. चौथीपर्यंत गेली होती म्हणे. साबणाने बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, हात ओढणीत लपवून बोलते.

बाई सांगतात, "आमच्यातलंच खाते, घरच्यासारखी आहे." पण बापाला तीस हजार उचल दिलीय, फिटेपर्यंत दोन वर्षं राहणार, हेही त्यांनीच सांगितलं. माझी धाकटी त्याच वयाची आहे. चार जणांत पैसे गोळा करून उचल फेडावी, की आधी बाईंशी बोलावं?

मंगळवारपेठ
रागावू नका, पण आईबापांनीच पाठवलंय ना? गावात उपाशी राहण्यापेक्षा दोन वेळा जेवते. मध्ये पडून तिचाच घास काढाल.

पूर्वभाग_आजी
बाळा, मी सातव्या वर्षापासून बिड्या वळल्या. आई पान कापून तंबाखू भरायची. मी दोरा बांधायची आणि तोंड मोडायची, लहान बोटांना ते लवकर जमतं म्हणून. माल द्यायला गेलं की खराब बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचे आणि तेवढे पैसे जायचे. मला बसवायची आईला हौस नव्हती, हजार बिड्यांचा आकडा एकटीने पुरा व्हायचा नाही. तंबाखूच्या धुळीने रात्र रात्र खोकायचे. पुढे १९८६चा कायदा आला, बिडीच्या कामाला पोरं लावायला बंदी झाली, पण घरी आईबरोबर वळणाऱ्या पोराला तो लागूच नव्हता.

तरी मी आईच्या मांडीला मांडी लावून बसलेली असायचे. ही पोर परक्या घरात आहे. रात्री घाबरली तर हाक कुणाला मारेल? ते दोन वेळचं जेवण मला सांगू नकोस.

कोयत्याचा_पोरगा
वहिनी, एक रुपयाही फेडू नका. माझे आईवडील माळशिरसकडे ऊसतोडीला जायचे. हंगाम संपला तरी मुकादमाची उचल फिटलेली नसायची, की पुढच्या वर्षीची चढायची. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला मी, म्हणून माझी दोन वर्षं शाळेविना गेली. उचलीचा दोर काय असतो ते मला ठाऊक आहे.

१९७६च्या वेठबिगार कायद्याने उचलीपोटी माणूस राबवून घेणं गुन्हा आहे, आणि ते कर्जच रद्द होतं. तुम्ही तीस हजार दिलेत तर त्याच पैशात दुसऱ्या गावातली दुसरी मुलगी येईल. घरकामाला १४ वर्षांखालचं मूल ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर तर कुठल्याच कामाला ठेवता येत नाही, शाळा सांभाळून स्वतःच्या घरच्या कामात मदत किंवा बालकलाकार म्हणून काम तेवढं चालतं. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. पाकिस्तानात मुरीदकेच्या इक्बाल मसीहला चार वर्षांचा असताना ६०० रुपयांच्या कर्जापोटी गालिच्याच्या मागावर बसवलं. तिथे उचलीला पेशगी म्हणतात. दंड, खाणं, सगळं त्याच कर्जात चढत गेलं. तो सुटला, इतर मुलांसाठी बोलू लागला आणि १९९५ मध्ये त्याला गोळी घालून मारलं. पोर तेव्हा बारा-तेरा वर्षांचं. आफ्रिकेत कोकोच्या मळ्यांवर राबायला बुर्किना फासो, मालीतून मुलं आयव्हरी कोस्टला नेतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजाने जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत, त्यांतली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात.

आता काम. बाईंशी अजिबात बोलू नका. कुणकुण लागली की मूल रातोरात हलवतात. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, कधीही लागतो. मजला, घर नंबर, ती नक्की दिसते ती वेळ सांगा आणि आपलं नाव गुप्त ठेवायला सांगा. "उचल दिलीय" हे शब्द तक्रारीत आलेच पाहिजेत. वेठबिगारीचं मुक्तता प्रमाणपत्र महसूल खात्याकडून मिळतं, पुढची सरकारी मदत त्यावरच अडते. नुसती बालमजुरीची नोंद झाली तर बापाच्या डोक्यावर तीस हजार तसेच राहतील, आणि मग तो तिला परत पाठवेल.

मंगळवारपेठ
उचलीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आजी, चुकलं माझं.

विजापूररोड_वहिनी
सोमवारी फोन केला, काल माणसं येऊन तिला घेऊन गेली. जिना उतरताना चप्पल हातात धरली होती तिने, पायात घालावी की नाही तेही कळत नव्हतं. आता बालगृहात आहे. बापाला कुणीतरी फोनवर दम दिलाय म्हणे, तेही तक्रारीत घालायला सांगितलं. उद्या अकरा वाजता बालकल्याण समितीपुढे तिला बोलवलंय. ती मराठीत नुसती मान हलवते, म्हणून कन्नड समजणारं कुणी लागेल का, असं विचारलं मी. या म्हणाले. मी जातेय.