शब्दचर्चा: सूर, बुडी, डुबकी आणि नदीकाठचे पक्षी

प्रश्न

नदीकाठी राहायला आल्यापासून पक्ष्यांची वही मराठीतच लिहायची असं ठरवलं आहे. नावं बऱ्यापैकी जमतात, अडतं ते क्रियापदांपाशी. खंड्या, पाणकावळा, टिबुकली, नदीसुरय हे सगळे मासे धरायला पाण्यात शिरतात, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. वहीत मात्र सगळीकडे ‘डुबकी मारली’ एवढंच उमटतं. सूर, बुडी, डुबकी, झेप यांत तुम्ही फरक कसा करता? आणि कवड्या खंड्या पाण्याच्या वर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, त्याला काय म्हणावं? ‘घिरट्या’ लिहिलं की खटकतं.

प्रतिसाद

विहिरीत पोहायला शिकलेल्यांच्या तोंडी हे शब्द अजून नेमके आहेत. उंचावरून डोकं खाली घालून सरळ पाण्यात शिरणं म्हणजे सूर. गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन पडणं म्हणजे मुटका. आधीपासून पाण्यातच असताना आत जाऊन थोडा वेळ दिसेनासं होणं ही बुडी. जेमतेम आत जाऊन लगेच वर येणं ही डुबकी.

हेच पक्ष्यांना लावून पाहा. खंड्या फांदीवरून सूर मारतो. टिबुकली पाण्यावर तरंगत असते, ती बुडी मारते, आणि जिथे बुडाली तिथून सहसा वर येत नाही, बरीच पलीकडे निघते. पाणकावळ्याचीही बुडीच, पण टिबुकलीपेक्षा लांब. त्याची पिसं भिजतात, म्हणून नंतर खडकावर किंवा खुंटावर पंख पसरून तो वाळवत बसतो. नदीसुरयाचं मात्र दोन्ही चालतं: कधी सूर मारतो, कधी उडता उडता पाण्याच्या पृष्ठावरून मासा उचलतो. त्या दुसऱ्या प्रकाराला ‘टिपणं’ हा शब्द आहेच.

हळदी-कुंकू बदकाचं काय लिहाल? ते डोकं पाण्यात खुपसतं आणि शेपूट वर आकाशाकडे करतं. ही बुडी नाही, डुबकीही नाही. मी ‘उलटं होऊन चरतं’ असं लिहितो. चरणं हा शब्द तिथे अगदी चपखल बसतो, कारण ते पाण्यातल्या वनस्पती आणि बियाच खात असतं.

प्रतिसाद

घिरट्यांबद्दल तुमचं खटकणं बरोबर आहे. घिरटीत गोल फिरणं आलंच. घार घिरट्या घालते. कवड्या खंड्या फिरत नाही. त्याच्यासाठी ‘अधांतरी’ हा शब्द वापरा. आधाराशिवाय, मधल्यामध्ये, असाच त्याचा अर्थ. ‘अधांतरी फडफडत राहिला, मग सूर मारला’ असं लिहिलं की कधीही न पाहिलेल्या माणसालाही तो दिसतो. त्या वेळी चोच खाली वळलेली असते आणि नजर पाण्यात, तेवढं जोडलं तर नोंद पूर्ण होते.

नर-मादीचीही नोंद ठेवत असाल तर छातीकडे बघा. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या एकच, तोही बहुधा मध्ये तुटलेला.

प्रतिसाद

यात नावांचाही एक गुंता आहे. ‘खंड्या’ या एका शब्दाखाली आपण निदान तीन पक्षी घालतो. निळ्या पाठीचा, नारिंगी पोटाचा, चिमणीएवढा तो छोटा खंड्या. याला धीवर म्हणजे कोळी हे नाव खरोखर शोभतं. काळापांढरा तो कवड्या. तपकिरी डोकं, पांढरा गळा आणि लाल चोच असलेला मोठा पक्षी हा नुसता खंड्या. हा तिसरा नदीपासून लांब, शेतातल्या तारेवरही बसतो आणि नाकतोडे, सरडे, बेडूक यांवर पोट भरतो. त्याला ‘सूर मारला’ लिहिण्याआधी खाली पाणी होतं की गवत ते बघा. गवतात तो झेप घेतो.

प्रतिसाद

थोडं विषयांतर, पण वही लिहिणाऱ्याला उपयोगी. ‘पाण-’ लागलं की ते नाव नात्याचं नसतं, जागेचं असतं. पाणकावळा कावळा नाही. पाणमांजर मांजराच्या कुळातलं नाही. पाणकणीस हे कणसासारखं दिसतं एवढंच, धान्य नव्हे. गावच्या लोकांनी आधी ओळखीच्या प्राण्याचं नाव घेतलं आणि पुढे ‘पाण’ लावून तो कुठे भेटतो ते सांगितलं. मला ही पद्धत फार आवडते. नाव कळलं की कुठे शोधायचं तेही कळतं.

सावध राहायचं ते उदमांजराशी. नाव ऐकून बरेच जण ते पाणमांजर समजतात. उदमांजर झाडावर चढणारं, रात्री फळं खात फिरणारं. काठावरच्या ओल्या वाळूत बोटांमध्ये पडद्याची खूण असलेला ठसा आणि जवळच माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली, तर ते पाणमांजर.

प्रतिसाद

पक्षी कुठे बसला होता हेही नेमकं लिहा, नुसतं ‘काठावर’ नको. काठ हा सगळ्यांत सैल शब्द. उभी कापलेली मातीची बाजू म्हणजे दरड. खंड्या आणि वेडा राघू बिळं कोरतात ती तिथे. सखल, उताराची, लोक आणि गुरं उतरतात ती जागा पाणवठा. धोबी पक्षी शेपूट हलवत फिरतो तो तिथे. थडी म्हणजे नदीची एक बाजू आणि तिच्या लगतचा मुलूखसुद्धा. भीमथडी, गंगथडी ही नावं त्यातूनच आली. नदी ‘दुथडी भरून’ वाहते तेव्हा दोन्ही थड्या भरलेल्या असतात. वहीत ऐलथडी-पैलथडी लिहिलंत तर पक्षी कोणत्या बाजूला होता हा प्रश्न कायमचा सुटतो.

आणि वाळवंट. शाळेच्या भूगोलामुळे हा शब्द ऐकला की उंट आठवतात. पण पंढरपूरला विचारा, चंद्रभागेचं वाळवंट म्हणजे नदीपात्रातली वाळू. नदीसुरय उन्हाळ्यात याच वाळवंटात उघड्यावर अंडी घालतो. घरटं म्हणजे वाळूत केलेला जरासा खळगा. म्हणून वाळूचा उपसा झाला किंवा धरणातून अवेळी पाणी सुटलं की त्याची सगळी वीण जाते. ‘नदीसुरय वाळवंटात वीण करतो’ या वाक्याने आजचा वाचक बुचकळ्यात पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा अर्थ आपण वापरात ठेवलाच पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. आजची नोंद अशी झाली: ‘सकाळ. पैलथडीच्या दरडीजवळ कवड्या खंड्या, नर. अधांतरी फडफडला, सूर मारला, रिकामा वर आला. पुन्हा सूर, या वेळी चोचीत मासा. मासा फांदीवर आपटून डोक्याकडून गिळला.’ आधीच्या ‘डुबकी मारली’पेक्षा किती तरी जास्त हाती लागलं.

आणखी एक विचारतो. गढूळ रंगाचा, मान आखडून बसणारा जो बगळा, त्याला इथे सगळे ढोकरी म्हणतात. छापील यादीत ‘वंचक’ दिसतो. कोणतं घ्यावं?

प्रतिसाद

पक्षी एकच. ढोकरी हे बोलण्यातलं नाव, वंचक हे संस्कृतातून घेतलेलं. वंचक म्हणजे फसवणारा, आणि फसवणूक कुठे आहे ते तो उडाल्यावरच समजतं. बसलेला असताना पाठ चिखलाच्या रंगाची, मान आणि छातीवर तपकिरी रेघा; दोन पावलांवर असला तरी नजरेतून सुटतो. तुमच्या चाहुलीने उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात, आणि पुन्हा बसला की मिटतात. विणीच्या दिवसांत पाठ तांबूस-जांभळी होते, तेव्हा नवे लोक त्याला वेगळाच पक्षी समजतात.

वहीत ढोकरी लिहा. तुमच्या गावातल्या माणसाला ती दाखवून विचारता येईल, आणि तोही तुम्हाला काही सांगेल. यादी पाठवायची असेल तेव्हा शेजारी वंचक लिहा. क्रियापद मात्र दोन्ही नावांना एकच लागतं: दबा धरणं. ‘टपून बसणं’ मोठ्या बगळ्याला ठीक, कारण तो उघड्यावर उभा राहतो. छोटा बगळा तर उभाही राहत नाही, पिवळ्या बोटांनी उथळ पाणी ढवळत चालतो. ढोकरी लपते, म्हणून तिला दबाच.